नेमबाजी स्पर्धेचे फोटो: कुठे उभं राहायचं, काय टिपायचं, काय टाळायचं

निवांत_पाऊल:

मंडळी, गेली सहा-सात वर्षं मी बालेवाडीला आणि जमेल तेव्हा इतर रेंजवर नेमबाजी स्पर्धांचे फोटो काढतोय. नोकरी वेगळी, हे केवळ आवडीने. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, त्यानंतर जिल्हा स्पर्धांना नव्या मुलांची संख्या वाढलेली मला स्वतःला दिसते. मुलांबरोबर आईबाबा येतात, काकामामा येतात आणि सगळ्यांच्या हातात कॅमेरा किंवा मोबाईल असतो. फार आनंदाची गोष्ट आहे. पण या खेळात फोटो काढण्याची रीत क्रिकेट-कबड्डीसारखी नाही, आणि ती आपल्याला कुणी शिकवत नाही. म्हणून हा धागा.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्याच वर्षी एका जिल्हा स्पर्धेत दहा मीटर एअर रायफल चालू होती. मी फायरिंग लाइनच्या, म्हणजे नेमबाज उभे राहतात त्या रेघेच्या टोकाला, थोडा मागे, गुडघ्यावर बसलो होतो. फ्लॅश बंद केला होता, त्यामुळे आपण सगळी काळजी घेतली असं मला वाटत होतं. अंधूक उजेडात फोकस घेताना कॅमेऱ्याच्या पुढचा छोटा लाल-नारिंगी दिवा लागतो, तो माझ्या ध्यानातच नव्हता. सगळ्यात जवळच्या लेनवरच्या मुलीच्या गालावर तो प्रकाश पडला. तिने रायफल खाली घेतली, डोळे मिटले, श्वास सोडला, पुन्हा उचलली. पुढचा शॉट ८.९. तिचा आधीचा एकही शॉट दहाच्या खाली नव्हता. तिचे कोच माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "दादा, तो दिवा बंद करा." बस, एवढंच. स्पर्धेनंतर मी तिची माफी मागायला गेलो, तर ती म्हणाली, "काका, मला वाटलं माझ्या डोळ्यातच काहीतरी झालं."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. एअर रायफलच्या टारगेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. टोक केलेल्या पेन्सिलीने कागदावर टिंब द्या, तेवढा. त्याच्यासमोर माझा दिवा केवढा मोठा झाला असेल!

तेव्हापासून रेंजवर जायच्या आदल्या रात्री घरीच बसून कॅमेरा तयार करतो. फ्लॅश बंद, फोकसचा दिवा बंद, बीप बंद, फोटो काढल्यावर स्क्रीनवर आपोआप दिसणं बंद, स्क्रीनचा उजेड कमी. मग खोलीतले दिवे घालवून आरशासमोर शटर दाबून बघतो. काहीही चमकता कामा नये. मोबाईल असेल तर त्याचंही हेच, वर शटरचा आवाज बंद.

तुमचे अनुभव लिहा, प्रश्न विचारा. इथे माजी नेमबाजही आहेत हे मला माहीत आहे, त्यांनी जरूर लिहावं.

अनुजाची आई:

फार गरजेचा धागा, दादा. माझी मुलगी सातवीत आहे, दहा मीटर एअर रायफल. गेल्या महिन्यात तिची पहिली स्पर्धा झाली. मी प्रेक्षकांच्या जागेतून मोबाईलवर साठेक फोटो काढले. घरी येऊन बघते तर एकाही फोटोत तिचं तोंड दिसत नाही. शेजारच्या मुलींचे चेहरे, जॅकेटचे पट्टे, सगळं छान दिसतंय आणि माझी लेक नेमकी पाठमोरी. तिच्या आजीने विचारलं, "अगं, ही आपलीच आहे ना?" मी चुकीच्या जागी उभी होते का? ती डावखुरी आहे, त्याचा काही संबंध असेल का?

दुसरं असं की शेजारच्या एका बाबांना मधेच उठून पुढे गेल्याबद्दल ऑफिसर ओरडले. ते गृहस्थ खूप ओशाळले. नक्की कुठपर्यंत गेलेलं चालतं?

निवांत_पाऊल:

ताई, डावखुरेपणाचाच संबंध आहे. उजव्या हाताचा रायफल नेमबाज उभा राहतो तेव्हा त्याचा डावा खांदा टारगेटकडे असतो आणि छाती उजवीकडे वळलेली असते. त्यामुळे टारगेटकडे तोंड करून पाहिलं तर लाइनच्या उजव्या टोकाकडून सगळ्या उजव्यांच्या छात्या, रायफली आणि चेहरे दिसतात. तुमची अनुजा बरोबर उलटी. तिची छाती डावीकडे. तुम्ही उजव्या बाजूला बसला असणार. पुढच्या वेळी डाव्या टोकाला जागा धरा.

कुठपर्यंत जायचं याचं उत्तर मात्र रेंजवर ज्यांनी काम केलंय त्यांनीच द्यावं.

सफेद_रेघ:

मी देतो. बरीच वर्षं स्पर्धांना ऑफिशियल म्हणून उभा राहतोय, त्यामुळे जरा कडक लिहिलं तर राग मानू नका.

फायरिंग लाइनच्या पुढे कुणीही जायचं नाही. फोटोग्राफर नाही, कोच नाही, स्पर्धकाचे वडील तर नाहीच. रेंज ऑफिसरने सगळ्या बंदुका रिकाम्या झाल्याची खात्री करून स्वतः परवानगी दिली तरच, आणि तेवढ्याच कामापुरतं. "एअर रायफलच तर आहे, त्याने काय होतंय" हे मी अनेकदा ऐकलंय. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. पॉइंट टू टूच्या गोळीबद्दल तर बोलायलाच नको.

हुकूम कान देऊन ऐकायला शिका. "लोड", "स्टार्ट", "स्टॉप", "अनलोड". फोटोग्राफरसाठी यातला सगळ्यात मोठा शब्द "स्टॉप". तो आला की जिथे आहात तिथेच थांबा. काहीतरी बिघडलंय म्हणून तो आलेला असू शकतो, आणि त्याच क्षणी लोक कॅमेरा घेऊन पुढे सरकतात, कारण त्यांना वाटतं गोळीबार थांबला.

दुसरी खूण म्हणजे नळीतला झेंडा. भडक नारिंगी किंवा तशाच रंगाची दोरी नळीतून आरपार घातलेली दिसते, ती सेफ्टी फ्लॅग. ती दिसली म्हणजे नळी रिकामी. जी बंदूक पेटीबाहेर आहे, पण फ्लॅग नाही आणि नेमबाज लाइनवर नाही, तिच्याकडे कॅमेरा वळवू नका. सरळ जवळच्या ऑफिसरला सांगा.

तुमच्या जागेबद्दल. लाइनच्या मागे स्पर्धकांची आणि कोचची जागा असते, तिच्यामागे प्रेक्षकांची. मधे जायचं असेल तर आधी परवानगी आणि ओळखपत्र, आणि आत गेल्यावर ऑफिसर दाखवतील तीच जागा. स्पर्धा चालू होण्याच्या किमान अर्धा तास आधी येऊन मला भेटा, मी तुम्हाला चांगली जागा दाखवीन. साइटरच्या, म्हणजे सुरुवातीच्या सरावाच्या शॉटच्या वेळात धावत येऊन "सर, फक्त एक फोटो" म्हणालात तर नाही म्हणावंच लागतं.

रंकाळाकाठ:

नमस्कार. कोल्हापूरचा आहे, आठ वर्षं थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून अशा तिन्ही प्रकारे रायफल खेळलो, राज्य पातळीपर्यंत गेलो, मग नोकरीमुळे सुटलं. आमच्या जिल्ह्यात या खेळाचं वेड वेगळंच हाय. तेजस्विनीताई सावंत २०१० ला म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनला (पालथं पडून नेम धरायचा प्रकार) विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत २०१८ च्या एशियाडला पंचवीस मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेऊन आल्या, आणि मग राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा आमचा स्वप्नील. नाद खुळा!

नेमबाजाच्या बाजूनं सांगतो. उभा असताना मला काय दिसायचं, तर मागच्या साइटच्या भोकातून पुढची गोल रिंग आणि त्यात काळा ठिपका. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढं पट्टी असते, जास्तीत जास्त ३० मिलिमीटर रुंदीची, म्हणजे तो डोळा उघडा ठेवूनपण त्याला टारगेट दिसत नाही. लोकांना वाटतं, मग बाजूचं काहीच दिसत नसेल. दिसतं. कडेला काही हललं की नीट दिसत नाही, पण हललं एवढं कळतं, आणि त्याचाच जास्त त्रास. एका जागी बसलेला फोटोग्राफर दोन मिनिटात विसरायला होतो. येरझाऱ्या घालणारा शेवटपर्यंत डोक्यात राहतो.

आवाजाचं म्हणाल तर कान झाकलेले असतात, त्यामुळं सतत येणारा आवाज चालतो. शांततेत एकदम "खटखटखट" आला की संपलं. तोही नेमका मी श्वास रोखल्यावर. फोटोग्राफरला पण तोच क्षण पाहिजे असतो ना! रायफल खांद्याला लागली, गाल टेकला, की बर्स्ट सुरू, एकापाठोपाठ एक फोटो. भावांनो, त्या वेळी थांबा. शॉट गेल्यावर आम्ही लगेच रायफल खाली घेत नाही. एक-दोन सेकंद तसंच धरून ठेवतो, त्याला फॉलो-थ्रू म्हणतात. हुबेहूब तीच पोझ, तोच चेहरा. तेव्हा दाबा. फोटो तोच येईल आणि आमचं नुकसान होणार नाही.

आणि त्यानंतरचा अर्धा सेकंद तर सोन्याचा. नजर मॉनिटरकडं जाते. १०.७ असला तर काही होत नाही, ९.६ असला तरी काही होत नाही, कारण आम्हाला तसंच शिकवलेलं असतं. पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी होतंच.

दवबिंदू:

रंकाळाकाठ, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. मी लग्नांचे फोटो काढते, तिथेही अक्षता पडून गेल्यानंतरच्या दोन सेकंदांतच खरे चेहरे दिसतात.

तांत्रिक प्रश्न. मिररलेस कॅमेरा आहे, म्हणून मागच्या आठवड्यात भाच्याच्या स्पर्धेला शांत शटरवर गेले. आवाज शून्य, पण निम्म्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे. एलईडी दिव्यांमुळे झालं असेल ना? आणि उजेड इतका कमी की आयएसओ ६४०० च्या खाली येतच नव्हता.

निवांत_पाऊल:

हो, दिव्यांमुळेच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शांत शटर फोटो वरून खाली ओळीओळीने टिपतं, आणि शटर वेगवान असेल तर काही ओळी उजेडात येतात, काही अंधारात. १/५०० ठेवलं असेल तर पट्टे येणारच. १/१०० वर आणा. प्रत्येक ओळीला एक पूर्ण लुकलुक मिळते आणि पट्टे जातात. काही एलईडी फार वेगळ्या गतीने लुकलुकतात, तिथे हा हिशेब चुकतो, म्हणून साइटर चालू असताना दोन-चार फोटो काढून मोठे करून बघा.

तुम्ही म्हणाल, खेळाचे फोटो १/१०० वर? पण हा खेळच स्थिर राहण्याचा आहे. उभा नेमबाज पाच-सात सेकंद जवळजवळ हलत नाही. हलतो आपला हात. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावा किंवा भिंतीला पाठ टेका, १/१०० वर पापणीचे केससुद्धा स्पष्ट येतात. आणि शटर हळू झालं की आयएसओ आपोआप ६४०० वरून १६०० वर येतो. दोन्ही दुखणी एकाच औषधाने बरी.

आणखी एक. बंदिस्त रेंजवर टारगेटवर लख्ख प्रकाश असतो आणि नेमबाजाच्या जागी त्या मानाने मंद. कॅमेरा स्वतःच्या मनाने उजेड मोजायला गेला की टारगेटकडच्या प्रकाशाला भुलतो आणि चेहरा काळा करतो. मॅन्युअलवर जा, गालावरचा प्रकाश बघून एकदाच बसवा आणि मग हात लावू नका. दिवे दिवसभर तेच असतात.

दवबिंदू:

आता कळलं. मी लग्नाच्या सवयीने १/४०० ठेवलं होतं.

एक कल्पना विचारते. समोरून, म्हणजे नळी अगदी लेन्सच्या दिशेने आणि तिच्यामागे तो एक डोळा, असा फोटो काढायची फार इच्छा आहे. स्पर्धा संपल्यावर रिकाम्या रायफलने, फ्लॅग लावून, भाच्याला उभं करून काढला तर?

सफेद_रेघ:

नाही. रिकामी असली तरी नाही. माणसाकडे नळी वळवायची नाही, हे आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. त्याच पोराला मामी सांगणार "माझ्याकडे धर", तर त्याने नक्की कुणाचं ऐकायचं?

दवबिंदू:

बरोबर आहे तुमचं. भाच्याच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. ही कल्पना सोडली.

निवांत_पाऊल:

दवबिंदू, समोरून फोटो हवाच असेल तर वाट आहे, फक्त लांबची. मोठ्या स्पर्धांमध्ये टारगेटच्या बाजूला रिमोट कॅमेरा लावतात. ज्युरीची परवानगी घेऊन, स्पर्धा सुरू होण्याआधी, रेंज मोकळी असताना तो लावायचा आणि सगळं संपल्यावरच काढायला जायचं. मधे बॅटरी संपली तरी संपू द्यायची. कॅमेऱ्याच्या मागे माणूस नसतो. मी राज्य स्पर्धेत दोनदा परवानगी मागितली, एकदा मिळाली. कॅमेरा टारगेटच्या ओळीत पण दोन लेनच्या मधे, खाली, काळ्या कापडात गुंडाळून ठेवला होता, पुढचा दिवा चिकटपट्टीने बंद. चारशे फोटोंतले तीन कामाचे निघाले. त्यातल्या एकात आठ नळ्या आणि आठ चेहरे आहेत, आणि फक्त एकीचे डोळे मिटलेले आहेत. शॉट संपवून ती स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती.

परवानगी मिळाली नाही तर लाइनच्या टोकाला, लाइनच्या मागेच, २०० मिलिमीटरची लेन्स घेऊन बसा. लांबच्या लेन्सने रांग जवळ जवळ येते, एकामागे एक नळ्या समांतर दिसतात. एकीवर फोकस, बाकी धूसर. या खेळातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी चौकट हीच आहे.

रंकाळाकाठ:

थ्री पोझिशनवाल्यांसाठी थोडं. सध्या क्रम नीलिंग, प्रोन, स्टँडिंग असा असतो. तिन्हीला वेगळी जागा लागते. नीलिंगमध्ये नेमबाज पायाच्या घोट्याखाली गोल उशी घेतो, तिला रोल म्हणतात. फोटोग्राफर उभा राहून वरून काढतो आणि फोटोत नुसती टोपी येते. तुम्हीपण खाली बसा. प्रोनमध्ये तर कॅमेरा जमिनीला टेकवा. पन्नास मीटरला टारगेट जमिनीपासून पाऊण मीटरवर असतं, नेमबाज चटईवर पसरलेला, स्लिंगचा पट्टा दंडाला आवळलेला. त्या दंडाची शीर बघा.

आणि पोझिशन बदलतानाचा वेळ! लोक तेव्हा कॅमेरा खाली ठेवून चहाला जातात. रायफलचे भाग बदलायचे, दस्त्याची उंची बदलायची, जॅकेटची बटणं सोडायची-लावायची, आणि घड्याळ तर पळत असतं. स्वप्नीलची फायनल आठवा, १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी झाली ते शातोरू. क्वालिफिकेशनला सातवा आलेला गडी. नीलिंगनंतर सहावा, प्रोननंतर पाचवा, आणि शेवटी स्टँडिंगला तिसऱ्या जागेवर, ४५१.४. आम्ही दुकानातल्या टीव्हीपुढं उभं राहून बघत होतो. मला अजून आठवतं ते पदक नाही. प्रोन संपवून उठताना, अजून पाचवाच असताना, त्याची घाई नसलेली हालचाल. कुणीतरी त्याचा जवळून फोटो काढला असंल, तर मला तो भिंतीवर लावायचाय.

म्युनिककर:

मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त बारा वर्षं म्युनिकमध्ये. इथली होखब्रुकची रेंज १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली. रंकाळाकाठ यांनी ज्या तेजस्विनीताईंच्या सुवर्णाचा उल्लेख केला ते याच रेंजवरचं. जागतिक स्पर्धा असली की मी प्रेक्षक म्हणून जातो आणि आपल्या मुलांना मराठीतून हाक मारतो, अर्थात शॉट नसताना.

फायनलबद्दल एक भर घालतो. क्वालिफिकेशनमध्ये जी शांतता पाळायची ती फायनलमध्ये नसते, तिथे संगीत असतं, टाळ्या असतात, आरडाओरडा असतो. म्हणून शटरच्या आवाजाची तितकी धास्ती नाही. फ्लॅश मात्र सामना संपेपर्यंत तिथेही बंदच. पॅरिसला दहा मीटरची फायनल २४ शॉटची होती. आधी पाच-पाचच्या दोन सीरिज, मग एकेक शॉट, बाराव्यानंतर पहिला स्पर्धक बाहेर, मग प्रत्येक दोन शॉटनंतर एकेक. हे आधीच पाठ ठेवा. बारावा, चौदावा, सोळावा शॉट झाला की कॅमेरा पहिल्या नंबरावर नको, शेवटून पहिल्या दोघांवर ठेवा. एकाचा चेहरा सुटतो, दुसऱ्याचा मिटतो, आणि कधी कधी ते शेजारी शेजारीच उभे असतात.

ट्रॅपही काढतो, म्हणजे उडत्या तबकडीवरची नेमबाजी, ते प्रकरण अगदी वेगळं आहे. उघड्यावर, भरपूर उजेड, आणि सगळं क्षणात. मातीची तबकडी ११० मिलिमीटरची, नेमबाजाच्या १५ मीटर पुढच्या खंदकातून उडते. मागे उभं राहून नेमबाजाची पाठ, नळी आणि फुटणारी तबकडी एका चौकटीत आणायची तर १/२००० च्या वरच जावं लागतं. शटर दाबायच्या आधीचे फोटो साठवून ठेवण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर इथे ती वापरा, कारण तबकडी फुटलेली बघून बोट दाबलं तर उशीरच झालेला असतो. फायनलला तबकडीत रंगीत भुकटी भरलेली असते, फुटली की ढग उठतो. पण माझा आवडता फोटो त्यानंतरचा आहे. नेमबाज बंदूक मोडून उघडतो आणि रिकामं काडतूस खांद्यावरून मागे उडतं, त्याच्यामागे धुराची एक बारीक रेघ. त्या काडतुसाच्या वाटेत लेन्स ठेवू नका एवढंच.

कानांची काळजी घ्या. बारा बोअरच्या रेंजवर मी आत फोमचे बोळे आणि वर इअरमफ असं दोन्ही घालतो.

सफेद_रेघ:

म्युनिककर यांनी काडतुसाचं लिहिलं ते पिस्तूललाही लागू. पंचवीस मीटरला रिकामी केस उजवीकडे उडते, गरम असते. त्या बाजूला बसायचं तर चष्मा घाला. आणि कुठल्याही रेंजवरून निघताना हात साबणाने धुऊन मगच डबा उघडा. जमिनीवर शिशाची धूळ असते आणि तुम्ही लोक सगळे त्याच जमिनीवर लोळून फोटो काढता.

शिल्पा_द:

मी एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. एक कळकळीची विनंती. मुलांचे फोटो टाकताना त्यांच्या पालकांना विचारा. आमच्या एका विद्यार्थिनीचा पिस्तूल धरलेला फोटो कुणीतरी नाव, शाळा, इयत्तेसकट टाकला. पुढे तो भलत्याच मजकुराबरोबर फिरला. तिच्या वडिलांनी दोन महिने तिला रेंजवर पाठवलं नाही. चांगल्या हेतूने काढलेला फोटो होता, आणि नुकसान मात्र त्या मुलीचं झालं. अल्पवयीन मुलांचं नाव आणि शाळा एकत्र देऊ नका. बंदुकीवरचा नंबर वाचता येत असेल तर तो भाग चौकटीबाहेर ठेवा. आणि खेळाचं नाव लिहा. "दहा मीटर एअर पिस्तूल" असं खाली लिहिलं तर तो खेळाडूचा फोटो राहतो. नुसता फोटो दिला तर लोकांना फक्त हत्यार दिसतं.

निवांत_पाऊल:

शिल्पाताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी आता संयोजकांकडून पालकांची लेखी परवानगी असल्याची खात्री करूनच फोटो देतो, आणि आधी कोचना दाखवतो. कोचना फोटोत आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. एका सरांनी माझा एक फोटो बघून सांगितलं, "हिचा डावा खांदा वर आलाय, मी तीन आठवडे शोधत होतो." तो फोटो त्यांनी मागून घेतला.

फोटोखाली लिहिण्यावरून आठवलं. एअर रायफलच्या फोटोत नंतर संगणकावर धूर आणि ठिणगी घालणारे लोक मी पाहिलेत. हवेच्या दाबावर चालते ती, तिथे जाळ कुठून येणार? फोटो बघणारा नेमबाज तिथेच विश्वास गमावतो.

आणि बंदूक नसलेल्या चौकटींबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझ्या संग्रहातले मला जवळचे वाटणारे फोटो बहुतेक तसलेच आहेत. डबीतला एकेक छर्रा बोटांच्या चिमटीत धरून त्याची कड बघणारी मुलगी. गालावर उमटलेली दस्त्याची लाल खूण. जॅकेट काढल्यावर घामाने चिकटलेला टी-शर्ट, बाहेर कितीही गारठा असला तरी. प्रेक्षकांत बसलेले एक आजोबा, ज्यांना मॉनिटरवरचे आकडे दिसत नाहीत आणि नात शॉट मारते त्या प्रत्येक वेळी शेजाऱ्याला डोळ्यांनीच विचारतात. पॅरा नेमबाजीत एसएच-टू गटात रायफलला स्टँडचा आधार असतो आणि छर्रा भरायला मदतनीस बसतो. एका स्पर्धेत मी पूर्ण तासभर फक्त त्या मदतनिसाचा हात टिपला. साठ वेळा तोच हात, तीच शांत हालचाल, आणि नेमबाजाने एकदाही वळून पाहिलं नाही.

अनुजाची आई:

काल अनुजाची दुसरी स्पर्धा झाली. सगळ्यांनी लिहिलेलं वहीत उतरवून नेलं होतं. अर्धा तास आधी गेले, ऑफिसरना भेटले, डाव्या टोकाला खुर्ची मिळाली. मोबाईल स्टूलवर टेकवला, आवाज बंद, आणि फॉलो-थ्रूलाच बोट लावायचं ठरवलं. पहिली दहा मिनिटं जमलंच नाही, कारण शॉट कधी गेला तेच कळत नव्हतं. मग लक्षात आलं की आवाजाकडे कान लावायचा नाही, रायफलच्या टोकाकडे बघायचं. अगदी जरासं हलतं.

यावेळी फक्त अकरा फोटो काढले. एकात तिच्या शेजारच्या, डावीकडच्या लेनवर एक उजव्या हाताची मुलगी होती. दोघी एकमेकींकडे छाती करून उभ्या, अगदी समोरासमोर, हात लांब केला तर जॅकेटला लागेल एवढ्या जवळ, आणि दोघींच्या माना टारगेटकडे वळलेल्या. जणू दोघी मैत्रिणी गप्पा मारायला वळल्या आणि तेवढ्यात लांबून कुणीतरी हाक मारली. थोडा अंधारा आलाय. आजीने मात्र लगेच ओळखलं.

निवांत_पाऊल:

ताई, तो फोटो अजिबात उजळू नका. आणि त्या दुसऱ्या मुलीच्या आईला शोधून एक प्रत नक्की द्या, परवानगीही तेव्हाच विचारा. दोन डावखुऱ्या-उजव्या अशा शेजारी शेजारी लेनवर यायला नशीब लागतं. मी सहा वर्षांत चारदा पाहिलंय आणि चारही वेळा चुकीच्या टोकाला बसलो होतो.

अनुजाची आई:

तिची आई नंतर माझ्याच शेजारी येऊन बसली होती. तिच्याकडे उजव्या टोकाकडून काढलेले फोटो होते, तिच्या मुलीचे. आम्ही दोघींनी तिथेच अदलाबदल केली.